मलाक्काचं लाल डच चर्च नीट बघायचं असेल तर

मलेशियाची टूर म्हटली की आपल्याकडे क्वालालंपूरचे जुळे टॉवर, बाटू केव्हज, गेंटिंग आणि वेळ उरलाच तर मलाक्का असा क्रम ठरलेला असतो. मलाक्कात बस थांबते लाल चौकाजवळ, सगळे उतरतात, चर्चसमोर ग्रुप फोटो, सजवलेल्या सायकलरिक्षात बसून एक रील, आणि अर्ध्या तासात परत बसमध्ये. त्या चर्चच्या दारातून आत कोणी जातच नाही हो! मी क्वालालंपूरला राहते, भारतातून पाहुणे येतात, ओळखीच्यांचे ओळखीचे येतात आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न असतात, की कसं जायचं, तिकीट आहे का, आत सोडतात का, आईबाबांना झेपेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी थोडक्यात, हे चर्च आहे काय. मलाक्का १५११ पासून पोर्तुगीजांकडे होतं. १६४१ मध्ये डचांनी ते त्यांच्याकडून जिंकून घेतलं. त्याला शंभर वर्षं झाली म्हणून १७४१ मध्ये डचांनी नवं चर्च बांधायला काढलं आणि ते पूर्ण व्हायला १७५३ उजाडलं. चालू असलेलं मलेशियातलं सगळ्यात जुनं प्रोटेस्टंट चर्च हेच. चालू असलेलं हे महत्त्वाचं, कारण हे म्युझियम नाहीये, इथे दर रविवारी प्रार्थना होते, आणि खालच्या निम्म्या सूचना त्यामुळेच आहेत.

१. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मलेशियाला सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढे वाढवून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केलीय. कायमची नाही, तेव्हा तिकीट काढायच्या आधी एकदा सरकारी साइटवर बघून घ्या.

जवळ ठेवायचं ते असं:

- पासपोर्ट, पोचायच्या तारखेपासून निदान सहा महिने वैध
- मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे एमडीएसी
- परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग, दोन्हीची प्रिंट, फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत मरते
- थोडे रोख रिंगिट

एमडीएसी ऑनलाइन भरायचं असतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. सर्च केलं की पैसे मागणाऱ्या साइट्स वर दिसतात, त्या सरळ सोडून द्या आणि मलेशियन इमिग्रेशनच्या साइटवरच जा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं भरायचं, लहान मुलांचंसुद्धा.

सिंगापूरहून येणाऱ्यांसाठी मोठा सापळा. मलाक्का सिंगापूरहून बसने जवळ वाटतं, पण मध्ये बॉर्डर आहे, म्हणजे तुम्ही सिंगापूरमधून बाहेर पडलात. तुमचा सिंगापूरचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर परत जाताना अडकाल, आणि विमान सिंगापूरहूनच असेल तर मग विचारूच नका. व्हिसावर मल्टिपल लिहिलंय का ते बघा. परत शिरताना सिंगापूरचं अरायव्हल कार्डही नव्याने भरावं लागतं, आधीचं चालत नाही.

२. क्वालालंपूरहून कसं जायचं

बस. दुसरा विचार करू नका. गुगल मॅपवर ट्रेनपण दिसते पण मलाक्का शहरात रेल्वे स्टेशनच नाही, जवळचं स्टेशन पुलाऊ सेबांग, ते शहरापासून तीसपस्तीस किलोमीटर लांब. तिथून पुन्हा टॅक्सी करा, म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही गेले.

बस सुटते टीबीएस टर्मिनलवरून. टीबीएसला एलआरटी, कोम्युटर आणि एअरपोर्टहून येणारी केएलआयए ट्रान्झिट, तिन्ही ट्रेन जातात, स्टेशनचं नाव बांदार तासिक सेलातान. टर्मिनल आपल्या एसटी स्टँडच्या कल्पनेत बसत नाही, पाट्यांवर गेट नंबर, बोर्डिंग पास, सगळं एअरपोर्टसारखं. तिकिटाला पासपोर्ट नंबर मागतात त्यामुळे पासपोर्ट किंवा निदान त्याचा फोटो हाताशी ठेवा. भाडं साधारण दहा ते पंधरा रिंगिट, वेळ दोन तास, शनिवारी सकाळी निघालात तर जास्त धरा. एअरपोर्टवर उतरून थेट मलाक्का गाठायचं असेल तर तिथूनही थेट बस आहेत.

बस तुम्हाला सोडते मलाका सेंट्रलला आणि इथे बरेच जण गोंधळतात, कारण उतरल्यावर ना चर्च ना नदी, नुसतं मार्केट आणि पार्किंग. जुनं शहर तिथून चारपाच किलोमीटरवर आहे. तिघं-चौघं असाल तर सरळ ग्रॅब (ओला-उबरसारखी ॲपवरची टॅक्सी) मागवा, फार पैसे होत नाहीत. एकटे असाल आणि घाई नसेल तर १७ नंबरची लोकल बस चौकापर्यंत जाते. ग्रॅबमध्ये क्राइस्ट चर्च टाका, ड्रायव्हरशी बोलायची वेळ आली तर बांगुनान मेराह, म्हणजे लाल इमारत, म्हणा, लगेच कळतं.

३. दिवस आणि वेळ कोणती धरायची

मंगळवार ते गुरुवार बेस्ट. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार नदीपलीकडे जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार असतो आणि अख्खं क्वालालंपूर आणि अर्धं सिंगापूर मलाक्कात येऊन पडलेलं असतं. बाजार बघायचाच असेल तर शुक्रवारी दुपारी पोचा, चर्च शुक्रवारीच उरकून घ्या. शेजारच्या स्टॅडथाइसमध्ये, म्हणजे डचांच्या जुन्या टाउन हॉलमध्ये, म्युझियम आहे, तेही करायचं असेल तर सोमवारी उघडं आहे का ते आधी बघा.

रविवारी सकाळी प्रार्थना असते. प्रार्थनेला बसायचं असेल तर कोणी अडवत नाही, पण मग शेवटपर्यंत बसा. मध्येच उठून भिंती न्याहाळत फिरणं बरं दिसत नाही. लग्न किंवा अंत्यविधी असला तरी पर्यटकांना आत सोडत नाहीत. अशा वेळी दारातल्या माणसाशी वाद घालू नका, आधी टेकडीवर जाऊन या (खाली मुद्दा ७ बघा) आणि मग परत या.

वेळ म्हणाल तर सकाळी उघडल्या उघडल्या. दुपारी चारच्या पुढे दार बंद व्हायला लागतं, आणि चर्चची वेळ सणावाराप्रमाणे बदलते म्हणून संध्याकाळवर ढकलू नका. शिवाय मलाक्का विषुववृत्ताला टेकलेलं आहे, ऊन म्हणजे डोक्यात जाणारं, आणि दुपारनंतर पाऊस कधी कोसळेल नेम नाही. छत्री बारा महिने बॅगेत हवी, उन्हालाही आणि पावसालाही.

४. कपडे, बूट, फोन

प्रवेश फुकट आहे. दानपेटी आहे, तिच्यात काहीतरी टाका, पावणेतीनशे वर्षांचं छप्पर सांभाळणं स्वस्तातलं काम नाहीये.

खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, टोपी आत काढायची. बूट काढायचे नसतात, आपल्याकडचे बरेच जण सवयीने दारात चपला काढायला वाकतात, गरज नाही. फोटोचं मात्र नीट ऐका, आत फोटो काढू नका अशी सूचना आहे. बाहेर चौकात वाट्टेल तितके काढा. आत फोन खिशात ठेवा, आणि खरं सांगू का, त्यामुळेच आत बघणं होतं.

५. बाहेरून बघताना

सगळे फोटो काढतात तो लाल रंग डचांचा नाहीच. डचांच्या काळात चर्च पांढरं होतं. लाल रंग लागला १९११ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात. का लागला ह्यावर चौकातला प्रत्येक गाइड वेगळी गोष्ट सांगतो. एक म्हणतो, पावसात खालची लाल माती भिंतींवर उडायची आणि दर वर्षी चुन्याची सफेदी करणं परवडेना. दुसरा म्हणतो, लोक विडा खाऊन पांढऱ्या भिंतींवर पचापच थुंकायचे, त्याला कंटाळून लालच करून टाकलं. आपल्याकडच्या सरकारी जिन्यांचे कोपरे आठवले तर दुसरी गोष्ट लगेच पटते! पण पुरावा विचारलात तर गाइड हसतो.

गिलाव्याच्या आत विटा आहेत नेदरलँड्सहून आणलेल्या, आणि त्यांना जोड इथल्या लॅटराइटची, म्हणजे आपला कोकणातला जांभाच. चर्चमागच्या टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याची वेस उभी आहे तिथे हाच दगड उघडा बघायला मिळतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गची मंडळी तिथे हमखास हात लावून बघतात.

दर्शनी भिंतीवर १७५३ हे वर्ष मोठ्या आकड्यात आहे, ते बघा. खिडक्याही बघा, त्या आता दिसतात त्यापेक्षा मोठ्या होत्या, इंग्रजांनी लहान केल्या. पुढची पडवी पण नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे तुम्ही ज्याच्यासमोर उभं राहून डच चर्च म्हणून फोटो काढता त्यातला रंग, पडवी आणि खिडक्यांचा आकार, तिन्ही इंग्रजांचं. डच काम बघायचं तर आत जावं लागतं.

६. आत गेल्यावर (इथे घाई करू नका)

निदान अर्धा तास ठेवा. आत आल्यावर पहिल्यांदा थोडं रिकामंच वाटेल. गोव्याची चर्चेस बघून आलेल्यांची हमखास निराशा होते कारण तिथला सोनेरी मुलामा, देवदूत, संतांचे पुतळे, ह्यातलं काही नाही. डच रिफॉर्म्ड पंथाला मूर्ती-चित्रं चालायची नाहीत, साधी भिंत आणि प्रवचन, बस. म्हणून इथे समोर कमी बघायचं आणि वर-खाली जास्त बघायचं.

आधी वर बघा. हॉल आहे ८२ फूट लांब, ४२ फूट रुंद, आणि छत ४० फुटांवर. मध्ये एकही खांब नाही. छताखाली आडव्या तुळया आहेत, प्रत्येक ४८ फुटांची आणि प्रत्येक एका अख्ख्या झाडातून काढलेली, कुठे सांधा नाही. एका भिंतीपासून थेट दुसऱ्या भिंतीपर्यंत एकच लाकूड. मधल्या बाकावर बसा, मान मागे टाका आणि एका तुळईवरून नजर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या, सांधा शोधत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या, दहा मिनिटं शांत बसतात. बाकंही साधीसुधी नाहीत, दोनेकशे वर्षं जुनी आहेत, हाताने घडवलेली, त्यामुळे पोरांना त्यांवर उड्या मारू देऊ नका.

मग खाली. जमिनीत जुन्या समाधीशिळा बसवलेल्या आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्यावरून चालत जातात, खाली बघतही नाहीत. काही डचांच्या, काही आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या. आर्मेनियन म्हणजे इराणमधल्या न्यू जुल्फाहून निघून सुरत, मद्रास, कलकत्ता, मलाक्का असा व्यापार करणारी मंडळी. त्यातल्या एका शिळेसाठी मी प्रत्येक पाहुण्याला थांबवते. ती आहे जेकब शामीर नावाच्या तरुणाची, मद्रासच्या एका मोठ्या आर्मेनियन व्यापारी घराण्यातला हा मुलगा, ७ जुलै १७७४ ला मलाक्कात वारला, वय अवघं २९. शिळेवरचा मजकूर आर्मेनियन लिपीत आहे, आणि त्यात तो वाचणाऱ्याला नमस्कार करून विचारतो की माझ्या देशाच्या लोकांना स्वातंत्र्य मिळालं का, काही खबर असेल तर मला सांग. देशापासून हजारो मैल लांब, परक्या बंदरात, परक्या पंथाच्या चर्चमध्ये पुरलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हे विचारतोय! ह्याच घराण्याने मद्रासला छापखाना घातला होता आणि आर्मेनियाच्या स्वातंत्र्याबद्दलची पुस्तकं तिथे छापली होती, हे माहीत असलं की तो प्रश्न आणखी लागतो. शिळा शोधायला अडचण आली तर आतल्या माणसाला विचारा, दाखवतात. शिळांवर पाय देऊ नका, बाजूने जा.

वेदीकडे गेलात की तिथे शेवटच्या भोजनाचं दृश्य आहे, चकाकत्या फरशांवर रंगवलेलं. जवळच बायबल ठेवायचं पितळी स्टँड, त्यावर १७७३ साल आणि योहानाच्या शुभवर्तमानातलं पहिलं वाक्य डच भाषेत. चर्चची घंटा तर चर्चहूनही जुनी, १६९८ ची. चांदीची डच भांडीही चर्चकडे आहेत पण ती एरवी मांडून ठेवत नाहीत, तेव्हा ती दाखवा म्हणून हट्ट धरू नका.

एक छोटी गोष्ट भारतीयांसाठी. डचांनी १८२४ च्या तहात मलाक्का इंग्रजांना दिलं, आणि १८३८ मध्ये ह्या चर्चचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, पद्धतीने नव्याने अर्पण झालं तेव्हा ते करायला आले कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन, कारण तेव्हा हा सगळा मुलूख कलकत्त्याच्या बिशपच्या अखत्यारीत होता. क्राइस्ट चर्च हे नाव तेव्हाचं.

७. मागची टेकडी

चर्चच्या मागे सेंट पॉल टेकडी, पायऱ्या आहेत, सावकाश दहा-पंधरा मिनिटं. गुडघेदुखीवाल्यांनी सकाळीच जा किंवा खालीच थांबा. वर आहे ते सेंट पॉलचं चर्च, पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बांधलेलं, आता छप्पर नाही, नुसत्या भिंती. डचांनी मलाक्का घेतल्यावर आधी हेच चर्च वापरलं, खालचं लाल चर्च झाल्यावर हे सोडून दिलं आणि मग इथे दफनं होत राहिली. भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या डच समाधीशिळा इथे एकदम जवळून बघता येतात, आणि इथे फोटोलाही बंदी नाही, म्हणून शिळांची हौस इथे भागवा.

गोव्याशी ओळख असणाऱ्यांनी तर टेकडी चुकवूच नका. जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, १५५३ मध्ये त्यांचं शव इथे आणून पुरलं आणि काही महिन्यांनी इथूनच ते गोव्याला नेलं. ती जागा आत जाळी लावून दाखवलेली आहे. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, त्याला उजवा हात नाही. पुतळा बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी झाड पडून हात तुटला असं सांगतात, आणि झेवियर यांच्या शवाचाही उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेलेला आहे, त्यामुळे गाइड लोकांना ही गोष्ट भलतीच आवडते.

८. पूल ओलांडून गणपतीला

चौकासमोरचा पूल ओलांडून पाचसात मिनिटं चाललात की श्री पोय्याथा विनायगर मूर्ती मंदिर, १७८१ चं, मलेशियातलं सगळ्यात जुनं चालू हिंदू मंदिर. ह्याला जागा दिली डचांनीच, इथल्या चिट्टी समाजाच्या पुढाऱ्याला. चिट्टी म्हणजे फार पूर्वी आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, घरात मलय बोलतात आणि देव मात्र आपलेच. देऊळ लहान आहे, शांत आहे. चपला इथे मात्र काढायच्या. दुपारी बंद असतं म्हणून सकाळीच जा. त्याच रस्त्यावर १७४८ ची मशीद आणि पुढे जुनं चिनी देऊळ आहे. डच फार उदार होते असं मात्र समजू नका, कॅथलिकांना ह्याच डचांनी बरीच वर्षं उघड प्रार्थना करू दिली नव्हती, त्यांचं सेंट पीटर चर्च १७१० मध्ये झालं आणि तेही जुन्या शहराच्या बाहेर.

९. खाणं आणि सायकलरिक्षा

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. भाजीत बेलाचान म्हणजे वाळल्या कोळंबीची पेस्ट घातलेली असते आणि सांबालमध्ये तर हमखास. सगळ्यात सोपं म्हणजे चौकापासून चालत जाण्यासारख्या लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवा. गोड म्हणून चेंडोल खा, नारळाचं दूध, बर्फ आणि ताडाचा गूळ, त्यात मासे-मटण काही नसतं. गूळ जास्त घाला म्हणून सांगा.

सायकलरिक्षा म्हणजे कार्टूनच्या बाहुल्या, दिवे, आणि वर ठणाणा गाणी. मुलांना आवडतात, मला नाही. बसायचंच असेल तर आधी तीन गोष्टी ठरवून घ्या, भाडं रिक्षाचं की माणशी, किती वेळाचं, आणि कुठे सोडणार. एका रिक्षात दोघंच नीट मावतात. रोख लागतं, आणि सुटे पैसेही ठेवा कारण सार्वजनिक टॉयलेटलाही नाणी लागतात.

१०. परत निघताना

परतीचं तिकीट सकाळी मलाका सेंट्रलला उतरल्या उतरल्याच काढून ठेवा, किंवा ऑनलाइन. रविवार संध्याकाळच्या आणि मलेशियन सुट्ट्यांच्या गाड्या भरून जातात आणि मग रात्रीची शेवटची बस धरायला धावाधाव होते. जुन्या शहरातून सेंट्रलला पोचायला एरवी पंधरा मिनिटं लागतात, जोंकरचा बाजार असेल त्या दिवशी तासभर आधी निघा, आणि ग्रॅब चौकातून मागवू नका, नदीच्या बाजूने थोडं चालत बाहेर या आणि तिथून मागवा, नाहीतर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते आणि ड्रायव्हर कॅन्सल करतो.